आधी पाण्याची वाट, मग पार्किंग



 आजचा विषय ऐकून काहीजण म्हणतील, हा आयटीतला माणूस झाडांवर आणि बागांवर काय बोलणार? शंका रास्त आहे. मी व्यवसायाने कन्सल्टंट, शिक्षणाने एमबीए, आणि माझ्या अंगणात टोमॅटो दरवर्षी येतातच असंही नाही. पण गेली सहा वर्षं मी आमच्या वसाहतीच्या एचओए बोर्डावर आहे. तिथे दरवर्षी बजेटचा कागद समोर येतो, आणि पैसे कमी पडले की सगळ्यात आधी कात्री चालते ती एकाच ओळीवर. ती ओळ म्हणजे लँडस्केप. आज मला त्या ओळीची बाजू मांडायची आहे.

आधी शब्दाचा घोळ सोडवू. आपल्याकडे लँडस्केपिंग म्हटलं की डोळ्यांसमोर येतो तो गुरुवारी सकाळी येणारा ट्रक, गवत कापणारी यंत्रं आणि कान किटवणारा तो ब्लोअर. ती माणसं कष्टाची कामं करतात आणि त्यांच्यावाचून आपलं अडतं. पण मी बोलतोय तो व्यवसाय वेगळा आहे. लँडस्केप आर्किटेक्ट म्हणजे इमारतीच्या भिंतीबाहेर जे जे आहे, त्याची रचना करणारा माणूस. जमिनीचा उतार कुठे असावा, पावसाचं पाणी कुठून कुठे जावं, कुठली झाडं राखायची, सावली कुठे पडेल, लोक कुठून चालतील, हे सगळं तो ठरवतो. अमेरिकेच्या पन्नासही राज्यांत या कामासाठी परवाना लागतो, त्यासाठी पदवी, अनुभव आणि परीक्षा असते. त्यांची राष्ट्रीय संस्था १८९९ सालची आहे.

या व्यवसायाचा मूळपुरुष मानतात तो फ्रेडरिक लॉ ओल्मस्टेड. न्यूयॉर्कचं सेंट्रल पार्क आपण सगळ्यांनी पाहिलंय, भारतातून आलेल्या आईबाबांना तिथे हमखास नेलंय. ते त्याने कॅल्व्हर्ट वॉक्स या सहकाऱ्याबरोबर आखलं. पण आजच्या विषयासाठी त्याचं बॉस्टनमधलं काम जास्त महत्त्वाचं आहे. १८७०च्या दशकाच्या अखेरीस बॉस्टनच्या बॅक बे भागात भरतीचं पाणी आणि शहराचं सांडपाणी एकत्र होऊन दुर्गंधी आणि पूर, दोन्ही होत होते. ओल्मस्टेडने तिथे खारी दलदल नव्याने घडवली. मडी रिव्हर या छोट्या नदीला वळणं दिली, काठाला झाडी दिली, आणि पूर आला तर पाणी पसरायला जागा ठेवली. लोकांना ती बाग वाटली, आणि प्रत्यक्षात ती शहराची पूरव्यवस्था होती.

पुढे काय झालं तेही ऐका. विसाव्या शतकात त्याच नदीचा एक तुकडा पाइपात घालून गाडून टाकला, कारण एका मोठ्या दुकानाला पार्किंग हवं होतं. मग १९९६ च्या ऑक्टोबरमध्ये जोराचा पाऊस झाला, नदीला जागा मिळाली नाही, आणि पाणी केनमोरच्या भुयारी स्टेशनात शिरलं. शेवटी सरकारी पैशाने ते पार्किंग उकरून नदीचा तो भाग पुन्हा मोकळा करावा लागला. ते काम २०१६ च्या सुमारास झालं. म्हणजे नदी गाडायला एकदा पैसे दिले आणि तीच नदी वर काढायला पुन्हा एकदा दिले. एमबीएच्या वर्गात चुकीच्या गुंतवणुकीचं याहून सोपं उदाहरण मला कुणी शिकवलं नव्हतं.

आता आपल्या राज्यात येऊ. १ सप्टेंबर २०२१ ची रात्र तुमच्यापैकी बहुतेकांना आठवत असेल. आयडा वादळाचा उरलेला भाग इथून गेला. न्यूअर्कला त्या एका दिवसात ८.४१ इंच पाऊस पडला, म्हणजे सुमारे २१४ मिलिमीटर. न्यू जर्सीत तीस माणसं गेली, त्यांतली बरीच गाडीत अडकून. नदीपलीकडे न्यूयॉर्कमध्ये गेलेल्यांपैकी बहुतेक तळघरातल्या खोल्यांत राहणारे होते. आपल्यातले जे २६ जुलै २००५ ला मुंबईत होते ते म्हणतील, आम्ही सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाहिलाय. खरं आहे. पण दोन्हीकडे एक गोष्ट सारखी होती. पाऊस आकाशातून आला, आणि पाण्याची वाट माणसांनी बुजवली होती. मिठी नदीचं काय झालं होतं ते आपल्याला सांगायला नको.

थोडं गणित करू, घाबरू नका. एक एकर डांबरी पार्किंग घ्या. त्यात साधारण सव्वाशे-दीडशे गाड्या मावतात. त्यावर एक इंच पाऊस पडला की सुमारे २७ हजार गॅलन पाणी जमतं. आपल्या सोयीसाठी सांगायचं तर पुण्याच्या सोसायटीत उन्हाळ्यात येतो तो दहा हजार लिटरचा टँकर, तसे दहा टँकर. आयडाच्या दिवशी न्यूअर्कमधल्या एकरभर पार्किंगवर असे पंच्याऐंशीहून जास्त टँकर रिते झाले. शेतात किंवा रानात यातलं बरंचसं पाणी जिरलं असतं, पानांवर थांबलं असतं, सावकाश ओढ्याला गेलं असतं. डांबरावरून ते मिनिटांत घरंगळतं आणि उताराच्या टोकाला ज्याचं बेसमेंट असेल त्याच्याकडे जातं. मग त्या घरातला संप पंप रात्रभर घरघरत राहतो, आणि नेमकी वीज गेली की तोही गप्प.

हवामान बदलाने हे गणित आणखी अवघड केलंय. हवा जितकी गरम तितकी ती जास्त बाष्प धरते, त्यामुळे पाऊस पडतो तेव्हा एकदम कोसळतो. जुने पाइप जुन्या पावसाच्या हिशोबाने घातलेले आहेत. सगळे पाइप उखडून दुप्पट मोठे घालणं कुठल्याच गावाला परवडत नाही. तेव्हा उपाय उरतो तो पाण्याला वाटेत थांबवण्याचा, आणि लँडस्केप आर्किटेक्टचं हेच तर काम आहे.

होबोकेनचं उदाहरण घ्या. जर्सी सिटी, होबोकेन या भागात आपले किती तरुण राहतात! होबोकेन हे मुळात जवळजवळ बेट होतं. पश्चिमेची दलदल भरून त्यावर वस्ती झाली, म्हणून तो भाग आजही वाटीसारखा खोलगट आहे. पावसाचं पाणी आणि सांडपाणी एकाच पाइपातून जातं. २०१२ च्या ऑक्टोबरअखेर सँडी आली तेव्हा सुमारे ५० कोटी गॅलन पाणी गावात शिरलं, आणि लोकांना बाहेर काढायला नॅशनल गार्डचे ट्रक आले.

त्यानंतर त्या गावाने एक शहाणपणाचा निर्णय घेतला. जिथे नवीन उद्यान करायचं तिथे ते पाणी साठवणारंच करायचं. पहिलं छोटं उद्यान २०१७ मध्ये झालं. मग २०२३ च्या जूनमध्ये पाच एकरांचं मोठं उद्यान उघडलं, एका जुन्या रासायनिक कारखान्याच्या जागेवर. वर मैदान, मुलांची खेळणी, हिरवळ. खाली टाकी आणि आजूबाजूला पाणी जिरवणाऱ्या वाफ्यांची रचना. सगळं मिळून सुमारे २० लाख गॅलन पाणी ते थोपवू शकतं, म्हणजे आपले साडेसातशे टँकर. पावसाचा जोर ओसरला की पाणी सावकाश सोडायचं. अभियंत्यांचे पंप आणि पाइप तिथेही आहेतच. पण मुलांना ते फक्त खेळायचं मैदान दिसतं, आणि शहराला एकाच जागेचे दोन उपयोग मिळतात.

दुसरं उदाहरण पर्थ अँबॉयच्या समोर, पाण्यापलीकडे, स्टॅटन आयलंडच्या टोटनव्हिल गावाचं. सँडीच्या लाटांनी तिथे माणसं गेली होती. केट ऑर्फ या लँडस्केप आर्किटेक्टच्या संस्थेने तिथे भिंत सुचवली नाही. किनाऱ्यापासून थोडं आत, समुद्रात, दगडांच्या आठ लांबट राशी आखल्या. २०२४ मध्ये ते काम पूर्ण झालं. लाटेचा जोर तिथेच मोडतो, किनाऱ्याची धूप कमी होते, आणि दगडांच्या कपारींत मासे, खेकडे, कालवं यांना घर मिळतं. एकेकाळी हा उपसागर कालवांसाठी प्रसिद्ध होता. आपल्या कोकणात लाट अडवण्यासाठी किनाऱ्यावर ओतलेले काँक्रीटचे ठोकळे पाहिलेल्यांना यातला फरक लगेच कळेल.

आता मुद्द्यावर येतो. हे सगळं मोठ्या शहरांचं झालं, आपला याच्याशी काय संबंध? संबंध असा, की या देशात आपण आता नुसते भाडेकरू राहिलेलो नाही. आपण एचओएचे सभासद आहोत, देवळांचे विश्वस्त आहोत, मंडळांच्या बिल्डिंग कमिटीवर आहोत. ठिकठिकाणी आपली माणसं जमीन घेऊन वास्तू उभारतायत. म्हणजे आपण ग्राहक आहोत, आणि लँडस्केप आर्किटेक्टला कधी बोलवायचं हे ग्राहक ठरवतो.

आजची पद्धत कशी आहे ते मी जवळून पाहिलंय. आधी जमीन घेतात. मग इमारतीचा आर्किटेक्ट येतो. मग सिव्हिल अभियंता येऊन पार्किंगच्या रेघा मारतो, कारण गणपतीला आणि दिवाळीला गाड्या किती येतात याचीच सगळ्यांना चिंता. रस्ता, दिवे, पाइप ठरले की उरलेल्या कोपऱ्यांत हिरवे ठिपके काढायला लँडस्केप आर्किटेक्टला बोलावतात. पुढे खर्च वाढला की ते ठिपकेही निम्मे होतात. आमच्या जवळच्या एका प्रकल्पाच्या बैठकीत मी विचारलं, की ओकची ती जुनी झाडं राहणार का? उत्तर मिळालं, राहणार नाहीत, पण आम्ही तेवढीच नवीन लावू. बैठक पुढच्या विषयावर गेली. साठ-सत्तर वर्षांचा ओक आणि मनगटाएवढं रोपटं यांची बेरीज एक-एक अशीच धरली गेली.

आयटीत आम्ही हे रोज पाहतो. सगळं सॉफ्टवेअर लिहून झालं की शेवटच्या आठवड्यात सुरक्षेच्या माणसाला बोलावतात आणि म्हणतात, जरा एक नजर टाका. तेव्हा तो फक्त डागडुजी करू शकतो. तोच पहिल्या बैठकीला असता तर निम्मे प्रश्न उद्भवलेच नसते आणि पैसेही कमी लागले असते. जमिनीचंही तसंच आहे.

पहिल्या दिवशी बोलावलं तर काय बदलतं, ते एका साध्या गोष्टीतून पाहा. पार्किंगच्या मधोमध जी बेटं असतात, ती बहुतेक ठिकाणी उंचवट्यासारखी असतात. सभोवती सिमेंटची कड, वर मातीचा ढीग, त्यात एक बिचारं झाड. पाऊस पडला की बेटावरचं पाणीही डांबरावर येतं, आणि ऑगस्टमध्ये झाड तहानेने सुकतं. तेच बेट डांबरापेक्षा आठ-दहा इंच खाली घ्यायचं आणि कडेला जागोजागी खाचा ठेवायच्या, की डांबरावरचं पाणी बेटात उतरतं, जिरतं, आणि झाड आपोआप जगतं. कागदावर उतार ठरायच्या आधी हे सुचवलं तर खर्चात फारसा फरक पडत नाही. डांबर पडल्यावर सुचवलं तर सगळं फोडावं लागतं.

तसंच गाड्यांचं. वर्षातून चार दिवस भरणाऱ्या जागेवर वर्षभर डांबर कशाला? त्या भागात गवत वाढू शकेल अशी जाळीदार फरसबंदी घालता येते. गणपतीत तिथे गाड्या लावा, एरवी मुलं क्रिकेट खेळतील.

कायदाही आता याच दिशेने आहे. २०२१ च्या मार्चपासून न्यू जर्सीत मोठ्या बांधकामांना पावसाच्या पाण्यासाठी असे हरित उपाय करणं बंधनकारक झालंय. म्हणजे प्रश्न करावं की नाही हा उरलेला नाही. ते मनापासून करायचं, की परवान्यापुरतं, एवढंच आपल्या हातात आहे.

कार्बनबद्दलही दोन शब्द. झाडं लावली म्हणजे प्रकल्प हिरवा झाला असं नाही. काँक्रीट, पोलाद, लांबून आणलेला दगड, ट्रकभर माती आणि पुढे वर्षानुवर्षं चालणारी पेट्रोलची यंत्रं, या सगळ्यांतून कार्बन हवेत जातो. पामेला कॉनराड या लँडस्केप आर्किटेक्टने २०१९ मध्ये पाथफाइंडर नावाचं एक मोफत साधन जगासमोर आणलं. प्रकल्पात काय काय वापरणार ते त्यात भरायचं, आणि ते सांगतं की झाडांनी आणि मातीने हा कार्बन शोषून घ्यायला किती वर्षं लागतील. बागेसाठी पाच वर्षं आणि फरसबंदी जास्त असलेल्या चौकासाठी वीस वर्षं, असं उद्दिष्ट ठेवलंय. माझ्यासारख्या माणसाला ही भाषा लगेच कळते, कारण हा तर सरळ परतफेडीचा कालावधी झाला. त्यांच्या राष्ट्रीय संस्थेनेही २०२२ मध्ये कृती आराखडा काढून २०४० पर्यंत आपल्या कामातलं उत्सर्जन शून्यावर आणायचं ध्येय ठेवलंय. तुमच्या कमिटीपुढे आराखडा आला की विचारा, याची परतफेड किती वर्षांत? उत्तर देता आलं नाही, तरी पुढच्या वेळी ते तयारी करून येतील.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. यातला कुठलाही वाफा आयडासारखा पाऊस एकट्याने थोपवू शकत नाही. दोन तासांत सव्वा इंच, एवढ्या पावसाच्या हिशोबाने इथले बहुतेक छोटे उपाय आखलेले असतात. पण वर्षभरातल्या बहुतेक सरी त्याहून लहानच असतात. त्या जागेवरच जिरल्या की ओढे स्वच्छ राहतात आणि पाइपांवरचा ताण कमी होतो. आणि आयडासारख्या रात्री अशा हजारो जागांनी थोडं थोडं पाणी धरलं, तर शेवटच्या घरात शिरणाऱ्या पाण्याची उंची काही इंचांनी कमी होते. ज्याच्या बेसमेंटमध्ये पाणी शिरलंय त्याला विचारा, त्या काही इंचांची किंमत काय असते.

आता घरी करण्यासारखं सांगतो. छपराचं पाणी ज्या नळीतून खाली येतं, ती सरळ ड्राइव्हवेवर सोडू नका. घराच्या पायापासून निदान दहा फूट लांब, उताराच्या बाजूला, सहा इंच खोल बशीसारखा वाफा करा आणि पाणी त्यात सोडा. याला इथे रेन गार्डन म्हणतात. आधी एक खड्डा खणून त्यात पाणी ओतून पाहा. दिवसभरात जिरलं तर जागा योग्य. डासांची भीती नको, पाणी एक-दोन दिवसांत जिरलं तर त्यांची पिल्लं वाढू शकत नाहीत. झाडं इथलीच लावा, स्वॅम्प मिल्कवीड, ब्लू फ्लॅग आयरिस, विंटरबेरी. मिल्कवीडवर मोनार्क फुलपाखरं येतात, नातवंडांना दाखवायला त्यासारखं काही नाही. आणि कुदळ मारण्याआधी ८११ ला फोन करायला विसरू नका, जमिनीखालच्या गॅसच्या आणि विजेच्या वाहिन्यांवर ते फुकट खुणा करून देतात. रटगर्स विद्यापीठाने न्यू जर्सीसाठी रेन गार्डनची सविस्तर पुस्तिका काढलीय, ती इंटरनेटवर मिळते.

एचओएत असाल तर एक प्रश्न विचारा. आपल्या वसाहतीच्या कोपऱ्यात कुंपण घातलेला तो मोठा खड्डा कुणाचा? बऱ्याचदा तो आपलाच असतो. पावसाचं पाणी थोपवण्यासाठी केलेला. दर आठवड्याला त्यातलं गवत कापायला आपण पैसे देतो, आणि मधून काँक्रीटचा पाट गेलेला असतो, म्हणजे पाणी न थांबता निघून जातं. तो पाट काढून तिथे रानगवत आणि रानफुलं लावली तर पाणी जास्त जिरतं, आणि कापणी वर्षातून एकदा पुरते. मात्र पहिली दोन-तीन वर्षं तण काढायला माणूस आणि त्याचे पैसे बजेटमध्ये धरा. देखभालीची ओळ नसलेली बाग तिसऱ्या वर्षी जंगल होते, आणि मग लोक म्हणतात, बघा, आम्ही सांगत होतो.

शेवटी मुलांबद्दल. आपल्या घरांत डॉक्टर, इंजिनिअर आणि आता एआय, याच्या पलीकडे चर्चा जात नाही. एखादी मुलगी म्हणाली की मला लँडस्केप आर्किटेक्चर शिकायचंय, तर आजी विचारेल, म्हणजे माळीकाम? तिला सांगा, या विषयात विज्ञान आहे, चित्रकला आहे, नकाशांचं सॉफ्टवेअर आहे, कायदा आहे आणि माणसांशी बोलणंही आहे. न्यू ब्रन्सविकला, आपल्या दारात, रटगर्समध्ये हा विभाग आहे. केट ऑर्फला २०१७ मध्ये मॅकआर्थर फेलोशिप मिळाली, जिला इथे कौतुकाने जीनियस ग्रँट म्हणतात. आणि पगारापलीकडे पाहायचं, तर पुढच्या चाळीस वर्षांत प्रत्येक गावाला या माणसांची गरज लागणार आहे.

तुमच्या टाउनशिपच्या प्लॅनिंग बोर्डाच्या बैठका सगळ्यांसाठी खुल्या असतात. महिन्यातून एकदा संध्याकाळी दोन तास. तिथे जा, मागच्या रांगेत बसा, आणि नवीन प्रकल्प आला की एवढंच विचारा: पाणी कुठे जाणार, जुनी झाडं कुठली राहणार, आणि लँडस्केप आर्किटेक्टला कधी बोलावलं होतं? आपल्या मंडळाची वास्तू असेल तर हाच प्रश्न कमिटीला पहिल्या बैठकीत विचारा, पार्किंगच्या रेघा मारायच्या आत.

आज इथेच थांबतो. तुमची बेसमेंट कोरडी राहोत. नमस्कार.